चांदी दाताला चिकटत नाही, अडकते

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

दातांत भरायची पाऱ्याची चांदी २०३४ पर्यंत बंद करायची, असं नोव्हेंबर २०२५ मध्ये जिनिव्हाला मिनामाता कराराच्या (पाऱ्याचा वापर आटोक्यात आणायच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या) परिषदेत ठरलं. ती बातमी आल्यापासून माझ्या दवाखान्यात दर दोन-तीन दिवसांनी कुणीतरी तोंड उघडून विचारतं, "डॉक्टर, माझी चांदी काढून टाकू का?" बीड जिल्ह्यात केजला १९९८ पासून मी दाताचा दवाखाना चालवते. त्या प्रश्नाचं उत्तर मी चार वाक्यांत देते. घट्ट बसलेली, कडेला न किडलेली चांदी उगीच काढू नका. काढताना ती ड्रिलने कोरावी लागते, पाऱ्याची वाफ सगळ्यात जास्त तेव्हाच उडते, आणि सोबत चांगला दातही जातो. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०२० मध्ये हेच सांगितलं. गरोदर बाईला, अंगावर पाजणाऱ्या आईला आणि पंधरा वर्षांखालच्या मुलांना मात्र मी नवीन चांदी भरत नाही, आणि मिनामाता करारातही २०२२ पासून तसं आलेलं आहे.

पण हे पत्र त्यासाठी नाही. चांदी जायला अजून आठेक वर्षं आहेत. तोवर मराठवाड्यातल्या दवाखान्यांत आणि सरकारी रुग्णालयांत कितीतरी फुटक्या दाढा चांदीनेच उभ्या राहणार आहेत. त्यांतली मोठी चांदी, म्हणजे दाढेची दोन-तीन टोकंच गेलेली आहेत अशा ठिकाणची, दातात धरून कशी ठेवायची हा निर्णय आमच्याकडे फार घाईने होतो. त्यावर बाहेर कुणी बोलत नाही, कारण रुग्णाला ते दिसत नाही. रुग्णाला वरचा चकचकीत भाग दिसतो. त्याच्या खाली काय कोरलंय ते फक्त कोरणाऱ्याला माहीत असतं.

आधी एक साधी गोष्ट सांगते, कारण शिकलेल्या माणसांनाही ती ठाऊक नसते. चांदी दाताला चिकटत नाही. आताचं पांढरं सिमेंट, म्हणजे कंपोझिट, दाताला चिकटवता येतं. दातातली चांदी, म्हणजे अमाल्गम, हा खरी चांदी, कथील आणि तांबे यांची पूड निम्म्याच्या आसपास पाऱ्यात घोटून केलेला गोळा. तो खड्ड्यात दाबून भरायचा, तो तिथे कडक होतो, आणि खड्ड्याचा आकारच त्याला धरून ठेवतो. छोटा खड्डा असेल तर काम सोपं. तोंड जरा निमुळतं आणि बूड रुंद, घागरीसारखं, कोरलं की चांदी वर निघत नाही. अमेरिकेतले दंतवैद्य जी. व्ही. ब्लॅक यांनी एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी खड्ड्यांचे आकार आणि चांदीचं मिश्रण यांचं जे गणित बसवलं, त्यावरच आम्ही औरंगाबादच्या (आताच्या छत्रपती संभाजीनगरच्या) शासकीय दंत महाविद्यालयात परीक्षा दिल्या. अडचण सुरू होते ती घागरीला भिंतच उरलेली नसते तेव्हा.

आमच्याकडे बहुतेक दाढा त्याच अवस्थेत येतात. दसरा झाला की ऊसतोडीच्या टोळ्या साखर कारखान्यावर निघायच्या तयारीत असतात. उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतलेली असते, गाडी ठरलेली असते, आणि दाढ रात्री ठणकायला लागलेली असते. उरलेल्या दहा-बारा दिवसांत कुणी तीनदा येऊन बसत नाही. कॅपचे चार-पाच हजार त्या हातात नसतात. कीड हिरडीच्या खाली गेलेली असते, तिथे ओल असते, रक्त येतं, आणि कंपोझिटला कोरडी जागा लागते. म्हणून मी चांदीकडे वळते. पर्याय असेल तिथे कंपोझिट करतेच. पण अशा दाढेला चांदीने निदान पाच-दहा वर्षं दिली, तर ती दाढ उपटण्यापासून वाचते.

१९९९ च्या दसऱ्यात अशीच एक बाई आली, पस्तिशीची. नवरा-बायकोचा कोयता, म्हणजे ऊसतोडीची जोडी, सांगली भागातल्या कारखान्यावर जायचा. उजवीकडची खालची पहिली दाढ, जिभेकडची दोन्ही टोकं गेलेली, पण दाढ जिवंत होती, गार पाण्याला झिणझिणायची. "उपटून टाका डॉक्टरीणबाई, मला जायाचंय," म्हणाली. मी तरुण होते, दाढ वाचवायची हौस होती. मी चार पिना घातल्या.

पिन म्हणजे काय ते सांगते. दाताच्या आतल्या पिवळसर भागात, डेंटिनमध्ये, बारीक भोक पाडायचं, दोन मिलिमीटर खोल. त्यात धातूचा आट्याचा खिळा फिरवून बसवायचा, दोनेक मिलिमीटर वर ठेवायचा, आणि त्याच्याभोवती चांदी दाबायची. नेहमीच्या वापरातली मोठी पिन ०.७८ मिलिमीटर जाड असते आणि तिचं भोक ०.६८ मिलिमीटरचं. म्हणजे ती जागा करत करत घुसते. घट्ट बसते ती त्यामुळेच, आणि आजूबाजूच्या डेंटिनला ताण बसतो तोही त्यामुळेच.

चौथी पिन फिरवताना बोटाला बारीक 'कट' असं जाणवलं. आवाज असा नव्हता. वाळलेली काडी ओल्या फडक्यात मोडली तर जशी जाणवेल तसं. मी थांबले नाही. ती पिन मी जिभेच्या बाजूला बरोबर मध्ये घातली होती, खाली जिथे दोन मुळं फुटतात त्या जागेवर, आणि कडेलाही ती जास्तच जवळ होती. वरून चांदी सुरेख बसली. बाई कारखान्यावर गेली.

गुढीपाडव्याच्या सुमारास परत आली. दाढ मधोमध चिरलेली, जिभेकडचा तुकडा हलत होता, आणि त्याच्या आत पिना मला डोळ्यांनी दिसत होत्या. दाढ काढावीच लागली. मी माफी मागायला लागले तर ती म्हणाली, "जाऊ द्या बाई, सहा महिने तरी निघाले." त्या वाक्याने मला जास्त लागलं.

माझे वडील सुतार होते. बाभळीच्या लाकडाची बैलगाडीची चाकं करायचे, मधला तुंबा आणि त्यात बसणारे आरे. त्या सुट्टीत गावी गेले तेव्हा मी त्यांना दाढेचं सांगितलं. ते रंधा मारत होते, थांबले नाहीत. "कडंला खिळा मारला की वाळली फळी फाटणारच," म्हणाले. "आरा तुंब्यात बसवताना आम्ही खिळा मारतो का? भोक पाडतो, आऱ्याचं टोक त्यात बसतं." मग मला ते नीट दिसलं. आम्हाला कॉलेजात पिनेसोबत दुसऱ्या रीतीही शिकवलेल्या होत्या. मी त्या परीक्षेपुरत्या पाठ केल्या होत्या.

तेव्हापासून मोठी दाढ समोर आली की मी पहिली पाच मिनिटं फक्त बघते. कीड सगळी काढून झाल्यावर किती भिंती उभ्या आहेत, किती उंच, किती जाड. जे टोक आतून पोखरलेलं आहे, पातळ उरलं आहे, ते मी खाली उतरवते. ज्या टोकांवर चावण्याचा भार येतो ती दोन मिलिमीटर, बाकीची दीड मिलिमीटर, म्हणजे त्यांच्यावर चांदीची पुरेशी जाडी येते. अजून उभं दिसणारं टोक कापायला नव्या डॉक्टरांचा जीव होत नाही, माझाही होत नसे. पण कडक भाकरी आणि भाजलेले हरभरे खाणाऱ्या तोंडात पातळ भिंत एक हंगाम टिकत नाही, आणि ती मोडते तेव्हा कधी कधी हिरडीखाली मोडते. मग काहीच करता येत नाही.

पण टोकं उतरवली की चांदीला धरणारी उंची कमी होते. म्हणून मग खाली धरायचं. याला आम्ही स्लॉट म्हणतो. खड्ड्याच्या तळाला, बाहेरच्या पांढऱ्या इनॅमलपासून अर्धा ते एक मिलिमीटर आत, डेंटिनमध्ये, एक मिलिमीटर खोल आणि दोन-चार मिलिमीटर लांब अशी खोबण. ती पाडायला उलट्या शंकूसारखा बर (ड्रिलला लावायचं कोरणारं टोक) लागतो, टोकाकडे रुंद, म्हणजे खोबणीचं बूड तोंडापेक्षा थोडं रुंद होतं. मी ३३½ नंबरचा वापरते. एअरोटर, म्हणजे वेगाने फिरणारं ड्रिल, सुसाट सोडायचा नाही. बर जागेवर टेकवून सावकाश न्यायचा. इनॅमल आणि डेंटिन यांची सीमा ओल्या दातावर दिसत नाही, हवेने पुसल्यावर दिसते: कडेची रेघ काचेसारखी, आतला भाग लोण्यासारखा पिवळसर. बर त्या रेघेच्या आतच राहिला पाहिजे. बाहेर गेला तर इनॅमलखालचा आधार जातो आणि कड पुढे ढासळते. खूप आत गेला तर नस.

जिथे खोबणीएवढी लांबी नाही तिथे एखादं गोल भोक, दीड-दोन मिलिमीटर खोल, मिलिमीटरभर रुंद, तोंडाची कड थोडी गोल केलेली. त्यात चांदी दाबली की चांदीचीच पिन तयार होते. याला अमाल्गापिन म्हणतात, १९८० पासून ती रीत लिहिलेली आहे. तोंडाची कड गोल का, तर तिथे धारदार कोपरा ठेवला की चांदीची पिन मानेशीच मोडते. लोखंडाची पिन नाही, आट्याचा ताण नाही, आणि मोडली तरी दात फुटत नाही. बाजूच्या भिंती उंच असतील तर त्यांच्या कोपऱ्यांत उभ्या बारीक खोबणी घेते. बहुतेक दाढांना एवढ्यावर भागतं.

स्लॉटचीही एक खोड आहे, ती लपवत नाही. चांदी ओली असेपर्यंत ती स्लॉटमधून लवकर सुटते. चांदी भरताना दाढेभोवती पत्र्याची पट्टी गुंडाळतो, ती मॅट्रिक्स बँड. पहिल्या वर्षी दोनदा माझ्या हातात पट्टीबरोबर अख्खी चांदी उचलून आली. पिनेची चांदी अशी निघत नाही. त्यावर शिकले ते असं: गोळ्याचा पहिला घास अगदी छोटा घ्यायचा आणि सगळ्यात बारीक कंडेन्सरने (चांदी दाबायच्या हत्याराने) खोबणीच्या तळापर्यंत दाबायचा. नीट घोटलेली चांदी दाबताना बोटांत कुरकुरल्यासारखी लागते, पीठ मळताना मीठ तसंच राहिलं तर लागेल तशी. कुरकुर थांबली की तो गोळा टाकायचा, नवा घ्यायचा. उंची पुरी झाली की पट्टीच्या कडेने वरची चांदी मोकळी करायची, चांदी जरा घट्ट होऊ द्यायची, वरून बोट धरायचं आणि पट्टी वर न ओढता बाजूला तिरपी काढायची. शेवटी निळा कागद ठेवून "हळूच चावा" सांगायचं. आमच्या लोकांना हळू चावायची सवय नाही. पहिल्याच चाव्यात कडक दाबतात आणि ताजं टोक तडकतं. मी आधी दोनदा रिकामं चावून दाखवायला लावते. निघताना सांगते, आजचा दिवस त्या बाजूने भाकरी नको.

पिना मी पूर्ण सोडलेल्या नाहीत. कधी कधी उभी भिंतच उरत नाही, आणि खोबण पाडायला डेंटिन आडवं कमी असतं. तिथे पिन लागते. पण मग गेलेल्या एका टोकाला एकच, तीही बाहेरच्या कडेपासून अंतर ठेवून, मुळं फुटतात त्या मधल्या जागा टाळून, आणि एक्स-रे बघितल्याशिवाय नाही. तरुण माणसाच्या दाढेत नस मोठी असते, तिथे पिनेचा मोह धरायचा नाही. भोक पाडायचं ड्रिल सावकाश, एकदाच आत आणि एकदाच बाहेर. पिनेमुळे चांदी मजबूत होते अशी समजूत अजून आढळते. तसं नाही. पिन फक्त धरते. भोवतालची चांदी तिथे उलट कमकुवत होते. १९९९ मध्ये चार घालताना 'जास्त असलेलं बरं' हाच विचार माझ्या डोक्यात होता.

चिकटवायचा मार्गही निघाला. चांदीखाली चिकट द्रव लावून बांधायची. मी तो वापरून बघितला. त्याला कोरडी जागा लागते, म्हणजे अडचण जिथून सुरू होते तिथेच तो अडतो. २००४ मध्ये अमेरिकेतून एक तुलना छापून आली होती, साठ दाढा सहा वर्षं बघितलेल्या, काही पिनांवर आणि काही चिकटवलेल्या. टिकण्यात फरक निघाला नाही. म्हणजे कोरड्या जागेत तो उपाय आहे. पण आमच्या कामात मी तो क्वचितच घेते.

रूट कॅनॉल झालेल्या दाढेचा हिशेब वेगळा. तिथे पिन मी अजिबात घालत नाही. नसेची पोकळी रिकामीच असते, पुरेशी खोल असेल तर चांदी त्या पोकळीतच आणि प्रत्येक मुळाच्या तोंडात दोन-चार मिलिमीटर दाबून भरायची. दाढेचं स्वतःचं पोटच तिला धरतं. आरा तुंब्यात बसतो, तसं अगदी.

आता माझी तक्रार. गेल्या काही वर्षांत शिकून आलेली मुलं-मुली दवाखान्यात काही दिवस बसायला येतात. हुशार आहेत, कंपोझिटचा हात माझ्यापेक्षा चांगला आहे. पण तीन भिंती गेलेली दाढ समोर ठेवली की बहुतेकजण "रूट कॅनॉल आणि कॅप" एवढंच बोलतात. जिवंत, दुखत नसलेली दाढ केवळ भरणं टिकावं म्हणून मारायची? चांदी जाणार म्हणून तिला धरायची कला शिकवणंही आधीच थांबल्यासारखं झालं आहे. उद्या पांढरं भरणंही मोठ्या खड्ड्यात भरायचं असेल तेव्हा भिंत किती उरली, टोक उतरवायचं की ठेवायचं, हे डोळ्याने ठरवावंच लागणार आहे. तो डोळा चांदीच्या कामातच तयार होतो असं मी रोज बघते.

दुसरं, आरोग्य विभागाला. ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालयांत दंतशल्यचिकित्सक आहेत, खुर्ची आहे. एका रुग्णालयात (नाव घेत नाही, तिथल्या डॉक्टरांचा दोष नाही) मला दिसलं की उलट्या शंकूचा एकही बर नाही, मॅट्रिक्स पट्ट्या वापरून वापरून वाकलेल्या, आणि एका दाढेला पंधरा मिनिटं. पंधरा मिनिटांत कोरता येतो तो खड्डा. खोबण कोरून, पट्टी लावून, चांदी दाबून, पट्टी सांभाळून काढायला पाऊण तास जातो. तो पाऊण तास आणि थोडे बर दिले तर किती दाढा जागेवर राहतील हे त्या डॉक्टरांनाच विचारावं. सोबत पाऱ्याचीही सोय करावी: मोकळा पारा हातात घोटण्याऐवजी बंद कॅप्सूल, आणि उरलेली चांदी झाकणाच्या डब्यात पाण्याखाली साठवायची. सिंकमध्ये ती जाता कामा नये.

आणि वाचकांना एक. मोठं भरणं करताना डॉक्टर पाच मिनिटं नुसता आरसा धरून बघत बसला तर वैतागू नका. "किती वेळ लागतो" हे विचारा, पण "कशावर धरणार आहात, पिनेवर की खोबणीवर" हेही विचारा. पिना असतील तर किती, कुठे, आणि एक्स-रे काढला का, हेही.

खाली नाव दिलेलं नाही, कारण त्या बाईची ओळख नको. २००३ पासून मी प्रत्येक मोठ्या चांदीच्या भरण्याची नोंद एका वहीत ठेवलेली आहे: कुठल्या भिंती होत्या, काय कोरलं, पिना किती, किती वर्षं टिकलं. अशा चार वह्या झाल्या आहेत. दंतमहाविद्यालयातल्या कुणा शिक्षकांना किंवा विद्यार्थ्यांना त्या बघायच्या असतील तर आपल्या कार्यालयामार्फत कळवावं. पोळ्यानंतर आणि दसऱ्याआधी आले तर फडावर जाणाऱ्यांच्या दाढाही बघायला मिळतील.

आपली नम्र,
एक दंतवैद्य
केज, जि. बीड